ऐकू येत नाही, मग ती नाचते कशी?

१३ नोव्हेंबर २०२१, शनिवारची संध्याकाळ. लंडनच्या उत्तरेला बोरमवुड नावाचं गाव आहे, तिथल्या स्टुडिओतून बीबीसीचा 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' हा कार्यक्रम थेट चालू आहे. आपल्याकडचा 'झलक दिखला जा' ज्याच्यावरून आला, तोच हा. एक तरुण नटी आणि तिचा इटालियन जोडीदार जोव्हानी पर्नीचे नाचताहेत. गाणं रंगात आलेलं असताना मधेच संगीत गळून पडतं. बिघाड झालेला नाही, ते ठरवून बंद केलंय. स्टुडिओत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि ती दोघं मात्र तशीच नाचताहेत, एक पाऊल इकडचं तिकडे न होता. काही सेकंदांनी संगीत परत येतं, ते बरोबर त्यांच्या पावलावर.

नटीचं नाव रोझ एलिंग-एलिस. ती जन्मापासून बहिरी आहे, आणि ते काही सेकंद म्हणजे तिचं रोजचं जग होतं, प्रेक्षकांना पाहुणे म्हणून दाखवलेलं. पुढच्या वर्षी बाफ्टा या ब्रिटनच्या टीव्ही पुरस्कारांत वर्षातला सर्वांत संस्मरणीय क्षण कोणता, यावर प्रेक्षकांनी मतं दिली, तेव्हा याच क्षणाला पारितोषिक मिळालं. त्याआधी, २०२१च्याच डिसेंबरमध्ये, रोझ तो कार्यक्रम जिंकलीही. त्यात भाग घेणारी पहिली बहिरी स्पर्धक तीच आणि पहिली बहिरी विजेतीही तीच.

ही चित्रफीत आपल्याकडेही फिरली. माझ्याकडे ती दोन ग्रुपांवरून आली आणि दोन्हीकडे खाली एकच वाक्य होतं, "जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही." मला या वाक्याचा राग येतो. जिद्द नसते असं नाही, पण जिद्द म्हटलं की पुढचं काही समजून घ्यायची गरजच उरत नाही. ऐकू न येणारी मुलगी तालावर नाचते कशी? धडाधड शूटिंग होणाऱ्या मालिकेत काम करते कशी? समोरच्याचं वाक्य कधी संपलं हे तिला कळतं कसं? या प्रश्नांना सरळ उत्तरं आहेत, आणि 'जिद्द'पेक्षा ती कितीतरी मजेदार आहेत.

आधी ऐकण्याविषयी

बहिरेपण म्हणजे दिव्याचं बटण बंद, पूर्ण काळोख, असं आपण धरून चालतो. बहुतेकांच्या बाबतीत तसं नसतं. रोझ कानात यंत्रं लावते. तिनेच सांगितल्याप्रमाणे, गाणं चालू आहे, कुणीतरी गातंय, हे तिला कळतं, पण शब्द कळत नाहीत.

कानातल्या मशीनविषयी आपला एक मोठा गैरसमज असतो, की ते चष्म्यासारखं आहे, लावलं की झालं. माझी आजी शेवटची काही वर्षं मशीन वापरायची. लग्नाच्या हॉलमध्ये गेली की ते काढून पर्समध्ये टाकायची. आम्ही ओरडायचो, एवढे पैसे घालून घेतलंय, लाव की! ती म्हणायची, "अगं, त्यात बँड ऐकू येतो, पंखा ऐकू येतो, वाटीत चमचा पडला की तोही ऐकू येतो. तू काय बोलतेस ते सोडून सगळं ऐकू येतं." तिने एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं होतं. मशीन आवाज मोठा करतं. पण कानाच्या आतून मेंदूकडे जाणारी वाटच अर्धी बुजलेली असेल, तर मोठा केलेला आवाजसुद्धा फाटकाच पोचतो. मोठं होणं आणि स्पष्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग ओठ वाचायचे. इथे आरसा घ्या आणि आवाज न काढता हे चार शब्द म्हणून बघा: पार, बार, मार, भार. आरशातल्या माणसाने चारही वेळा एकच शब्द म्हटला! प, फ, ब, भ, म ही सगळी मंडळी ओठांवर जुळी भावंडं आहेत. फरक पडतो तो आत, घशात आणि नाकात, आणि तिथे कुणाची नजर पोचत नाही. क, ख, ग, घ तर तोंडाच्या इतक्या मागे तयार होतात की ओठांना त्यांचा पत्ताच नसतो. इंग्रजीबद्दल असं सांगतात की बोलण्यातला जेमतेम ३० ते ४० टक्के भाग ओठांवर दिसतो. बाकीचं अंदाजाने भरायचं असतं: विषय काय चाललाय, समोरच्याचा चेहरा कसा आहे, आधी काय बोलणं झालं. शब्दकोडं सोडवत सोडवत गप्पा मारण्याचाच तो प्रकार. त्यात समोरच्याने मिशा वाढवलेल्या असल्या, तोंडात घास असला किंवा बोलता बोलता तो खिडकीकडे वळला, की कोड्यातले उरलेसुरले चौकोनही कोरे. संध्याकाळपर्यंत डोकं शिणून जातं.

आता नाच. बॉलरूम नाचात दोघांची जी पकड असते, तीत पुढे नेणाऱ्याचा हात पाठीवर असतो, छाती आणि खांदे एका चौकटीत बांधलेले असतात. वळायचं कधी, थांबायचं कधी हे त्या चौकटीतून अंगाला कळतं. शिवाय मोठ्या स्पीकरचा खालचा ठोका जमिनीतून पायात चढतो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाच्या शेजारी उभं राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. तिथे ठोका कानाने नाही, बरगड्यांनी ऐकला जातो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मनातल्या मनात मोजणं. रोझ मोजत होती, जोव्हानीचं अंग वाचत होती, आणि तालमीत तीच पावलं इतक्या वेळा घोटली होती की ती अंगात मुरली होती. सहाव्या आठवड्यात त्यांच्या टँगोला ४० पैकी ४० गुण मिळाले. त्या कार्यक्रमाच्या इतिहासात तोवर इतक्या लवकर पैकीच्या पैकी कुणीच मिळवले नव्हते.

म्हणजे संगीत बंद झालं तेव्हा रोझच्या दृष्टीने फारसं काही बदललंच नाही. पंचाईत झाली असेल तर ती जोव्हानीची, कारण आयुष्यभर कानांवर विसंबून नाचलेला तो होता. चित्रफीत पुन्हा पाहाल तर या नजरेने पाहा.

केंटमधली मुलगी

रोझचा जन्म १७ नोव्हेंबर १९९४चा. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, समुद्रकाठच्या केंट परगण्यातल्या हाइद गावात ती वाढली. लहानपणी ती आपल्या बार्बी बाहुल्यांच्या कानांवर पेनाने श्रवणयंत्रं काढायची, म्हणजे बाहुली आपल्यासारखी दिसेल. २०२२ साली मॅटेल कंपनीने कानामागे यंत्र लावलेली बार्बी बाजारात आणली, तेव्हा तिच्या प्रसिद्धीसाठी रोझलाच बोलावलं. पेनाने काढलेलं चित्र वीसेक वर्षांनी प्लॅस्टिकमध्ये आलं.

नटी व्हायचं तिने ठरवलेलं नव्हतं, कारण आपल्यासारखी नटी असू शकते हेच तिने पाहिलेलं नव्हतं. शाळेत असताना बहिऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या चित्रपट-शिबिराला ती गेली. तिथे टेड इव्हान्स या दिग्दर्शकाने तिला हेरलं आणि २०११ साली आपल्या लघुपटात घेतलं. इव्हान्स स्वतः बहिरा आहे. हे महत्त्वाचं अशासाठी, की तिला पहिली संधी देणाऱ्याला 'हिला कसं सांभाळायचं' हा प्रश्नच पडणार नव्हता. पुढे तिने फॅशनचं रीतसर शिक्षण घेतलं आणि जोडीला छोटी कामं, नाटकं करत राहिली. २०१९मध्ये मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंज थिएटरात ब्रेख्तच्या 'मदर करेज'मध्ये तिने कात्रिन केली, म्हणजे त्या नाटकातली न बोलणारी मुलगी. आणि मग आली मालिका.

सोप म्हणजे नेमकं काय

'सोप' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातला साबण खराखुरा आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या वेळी कौटुंबिक श्रुतिका लागायच्या, ऐकणाऱ्या बहुतेक गृहिणी असायच्या, आणि पैसे पुरवायच्या प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या साबणकंपन्या. त्यावरून 'सोप ऑपेरा'.

ब्रिटनमध्ये मात्र सोपचा चेहरामोहरा वेगळा झाला. आपल्या मालिकांत संगमरवरी जिना, त्यावरून उतरणारी सासू आणि झोपतानाही अंगावर असलेले दागिने. तिकडे लाँड्री, भाजीचे ठेले, चहाची टपरीवजा कॅफे आणि कोपऱ्यावरचा पब. 'कोरोनेशन स्ट्रीट' ९ डिसेंबर १९६०ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. बीबीसीची 'ईस्टएंडर्स' १९ फेब्रुवारी १९८५ची. पूर्व लंडनमधला वॉलफर्ड नावाचा काल्पनिक भाग, त्यात अल्बर्ट स्क्वेअर नावाचा चौक, त्या चौकात 'क्वीन व्हिक' हा पब, आणि या सगळ्याच्या अवतीभवती राहणारी कामकरी माणसं. भाग संपताना कुणाच्या तरी चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो आणि ढोलाचे ठोके पडतात. तिकडची पोरंटोरं भांडणात एकमेकांना चिडवायलाही तो ठोका तोंडाने वाजवतात. १९८६च्या नाताळच्या दिवशी ही मालिका ३ कोटींहून जास्त लोकांनी पाहिली. तेव्हा अख्ख्या ब्रिटनची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या थोडी वर होती.

अशा मालिकेला तिकडे नुसती करमणूक मानत नाहीत. शाळकरी मुलीचं गरोदरपण, घरातली मारहाण, १९९१ साली एका मुख्य पात्राला एचआयव्हीची लागण, असे विषय ईस्टएंडर्सने चहाच्या टेबलावर आणून ठेवले. ज्या घरात कुणी माहितीपट बघणार नाही, तिथे मालिका बघितली जाते. म्हणून मालिकेत एखादं पात्र येणं आणि चित्रपटात येणं यांत फरक आहे. चित्रपटातली माणसं दोन तासांनी निघून जातात. मालिकेतली माणसं महिनोन् महिने आपल्या घरी जेवायच्या वेळेला येतात, आणि काही काळाने त्यांचं वेगळेपण कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मे २०२०मध्ये रोझ ईस्टएंडर्समध्ये फ्रँकी लुइस म्हणून आली. बहिऱ्या नटीने नियमित पात्र म्हणून तिथे असण्याची ही पहिलीच वेळ. आणि मुहूर्त कसा? महिनाभरात, कोविडमुळे, मालिका आपल्या इतिहासात पहिल्यांदाच दीर्घकाळ प्रक्षेपणातून गायब झाली, ती थेट सप्टेंबरमध्ये परतली. शूटिंग सुरू झालं तेव्हा नटांमध्ये अंतर ठेवून, कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी ते जवळ उभे आहेत असं भासवलं जात होतं. आणि कॅमेऱ्यामागच्या सगळ्यांच्या तोंडांवर मास्क! जी व्यक्ती ओठ वाचून जगते तिच्यासाठी २०२० हे वर्ष काय होतं, याचा विचार निदान मी तेव्हा केला नव्हता. दुकानदार, नर्स, बसचालक, सगळ्यांचे ओठ एका रात्रीत गायब.

फ्रँकीची गोष्ट हलकीफुलकी नव्हती. ती पब चालवणाऱ्या मिक कार्टरची, म्हणजे डॅनी डायर करायचा त्या पात्राची, मुलगी निघते. मिक बालगृहात असताना, स्वतःच अजाण वयाचा असताना, तिथे काम करणाऱ्या केटीने त्याचं लैंगिक शोषण केलेलं असतं, आणि केटी ही फ्रँकीची आई. मुलग्यांवर होणाऱ्या अत्याचाराविषयी तिकडेही फारसं बोललं जात नाही. माझ्या मते लेखकांचं खरं शहाणपण इथे होतं: फ्रँकीचं बहिरेपण हा कथेचा विषय नव्हता. तिच्या पुढ्यात वाढलेलं दुःख कुणाच्याही पानात पडू शकलं असतं. ती बहिरी होती, जसं एखादं पात्र उंच असतं.

सेटवर काय बदलावं लागतं

सोपचं शूटिंग हा कारखाना असतो. ईस्टएंडर्सचे आठवड्याला चार भाग, शूटिंग काही आठवडे आधी, तेही क्रमाने नाही. सकाळी दुखवटा, दुपारी साखरपुडा, आणि साखरपुडा कथेत आधीचा. तालमीला फुरसत नाही, एका वेळी अनेक कॅमेरे चालू. मराठी मालिकांच्या सेटवर जे गेलेत त्यांना ही धांदल ओळखीची वाटेल. अशा जागी 'बहिऱ्या कलाकारामुळे वेळ जाईल' ही भीती सगळ्यांत आधी पुढे केली जाते.

प्रत्यक्षात काय लागतं? दिग्दर्शकाने 'ॲक्शन' म्हणून आरोळी ठोकून उपयोग नाही, तर दिसेल असा इशारा हवा. सूचना खुणांच्या भाषेत पोचवणारा दुभाषी हवा, आणि तो नटीच्या नजरेच्या टप्प्यात पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभा राहिला पाहिजे. समोरच्या नटाने पाठ वळवून संवाद म्हणायचा नाही. आणि सगळ्यांत गमतीचं म्हणजे चौकट. मालिकेत भावनेचा प्रसंग आला की कॅमेरा चेहऱ्यावर जातो. पण जी हातांनी बोलते तिचा फक्त चेहरा दाखवणं म्हणजे तिच्या तोंडावर हात ठेवणं! हात चौकटीत घ्यायचे तर कॅमेरा मागे न्यावा लागतो, आणि मग भाग जोडणाऱ्यालाही वाक्याच्या मधे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उडी मारता येत नाही, कारण उडी मारली की अर्धं वाक्य गेलं. ऐकणारे लोक पडद्याबाहेरचा आवाज ऐकू शकतात. पडद्याबाहेरचा हात कुणालाच दिसत नाही.

यातली एकही गोष्ट महाग नाही. फक्त ती आधी सुचावी लागते, आणि सुचायला तिथे बहिरी माणसं असावी लागतात. ऑगस्ट २०२२मध्ये एडिनबराच्या टीव्ही महोत्सवात रोझला मानाचं व्याख्यान द्यायला बोलावलं होतं, तेव्हा तिचा सूर हाच होता: पडद्यावर एक बहिरा चेहरा आणून भागणार नाही, लिहिणारे आणि कॅमेऱ्यामागचेही पाहिजेत. त्याच सुमारास तिने ईस्टएंडर्स सोडली.

हातांची भाषा

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे बऱ्याच सुशिक्षितांनाही वाटतं की खुणांची भाषा म्हणजे हातवारे, आणि ती जगभर एकच. दोन्ही चूक. ब्रिटिश खुणांची भाषा ही इंग्रजीची हातांनी केलेली नक्कल नाही. तिचं व्याकरण निराळं आहे. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या सुरुवातीला येतो. या भाषेत तो बहुधा शेवटी: 'नाव तुझं काय?' मराठी माणसाला हे इतकं सरळ वाटतं की यात काय विशेष असं वाटेल. आधी काळ, मग विषय, मग त्याविषयी काय ते. आणि भुवया म्हणजे व्याकरण. 'हो की नाही' असा प्रश्न असेल तर भुवया वर; 'कोण, काय, कुठे' असेल तर आक्रसलेल्या. चेहरा कोरा ठेवून हात हलवणं म्हणजे सगळे काना-मात्रा उडवून लिहिणं. बहिरे लोक चेहऱ्याने 'फार अभिनय' करतात असं वाटतं, ते अभिनय करत नसतात, वाक्य पुरं करत असतात.

अमेरिका आणि ब्रिटन इंग्रजीच बोलतात, पण त्यांच्या खुणांच्या भाषा एकमेकींना कळत नाहीत. अमेरिकन भाषेचं मूळ फ्रेंच खुणांच्या भाषेशी जुळतं आणि तिथे रोमन अक्षरं एका हाताने दाखवतात. ब्रिटनमध्ये दोन हातांनी. डाव्या हाताचा अंगठा म्हणजे ए, तर्जनी ई, मधलं बोट आय, अनामिका ओ, करंगळी यू. उजव्या हाताची तर्जनी त्या त्या टोकाला लावायची. करून बघा. मजा अशी, की भारतीय खुणांच्या भाषेतही रोमन अक्षरं दोन्ही हातांनीच दाखवतात आणि स्वर याच पाच बोटांवर बसलेत. त्याबाबतीत केंटमधल्या रोझची बोटं न्यूयॉर्कपेक्षा मुंबईला जवळची. बाकी शब्द आणि रचना मात्र भारताच्या स्वतःच्या. मुंबईत लोकलच्या फलाटावर ही भाषा कधीही दिसते: मधे दोन रूळ, वर उद्घोषणांचा गोंगाट, आणि पलीकडच्या फलाटावरच्या मित्राशी निवांत गप्पा चाललेल्या. ऐकणारे आपण फोनवर "हॅलो, हॅलो" करत असतो.

या भाषेला वाईट दिवस दाखवले गेले ते मुद्दाम. १८८०मध्ये मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणाविषयी परिषद भरली. तिने ठराव केला की मुलांना बोलायलाच शिकवायचं, खुणा नकोत. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कित्येक देशांतल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या मुलांना हातांवर बसवलं गेलं, पट्ट्या बसल्या. त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, व्हँकुव्हरला भरलेल्या अशाच परिषदेत. आपली भाषाही निर्दोष नाही. 'मूकबधिर' हा शब्द आपण शाळांच्या पाट्यांवर रंगवला, त्यात 'मूक' काय म्हणून? ऐकू येत नाही म्हणजे बोलायला काही नाही असं थोडंच आहे! रोझ बोलते, खुणाही करते, आणि बरंच काही बोलते.

ब्रिटिश डेफ असोसिएशनच्या हिशेबाने दीड लाखाच्या आसपास लोक ही भाषा वापरतात. ब्रिटिश सरकारने २००३मध्ये तिला मान्यता दिली होती, पण मागे कायदा नव्हता. रोझी कूपर या खासदार बाईंनी खासगी विधेयक आणलं. त्यांचे आईवडील बहिरे होते. २८ एप्रिल २०२२ला त्याचा कायदा झाला. नाच जिंकून चारच महिने झालेली रोझ त्या मोहिमेतला सगळ्यांत ओळखीचा चेहरा होती. कायदा तिच्यामुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल, लोक त्यासाठी अनेक वर्षं झगडत होते. पण खासदारांच्या घरातही शनिवारी संध्याकाळी टीव्ही चालू असतो. भारतात आपल्या खुणांच्या भाषेला अधिकृत भाषेचा दर्जा मिळावा ही मागणी अजून मागणीच आहे.

नंतरचं

पुढचं भराभर सांगते. मे २०२२मध्ये लहान मुलांच्या सीबीबीज वाहिनीवर तिने झोपतानाची गोष्ट खुणांच्या भाषेत सांगितली. त्या कार्यक्रमात असं पहिल्यांदाच झालं, आणि गोष्टही एका बहिऱ्या अस्वलाची होती. त्या वर्षाअखेरीस लंडनमध्ये शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये ती सीलिया झाली. शेक्सपिअर म्हणजे शब्दांचा खजिना, आणि तिने त्यातले कितीतरी शब्द हातांनी म्हटले. त्याबद्दल २०२३च्या ऑलिव्हिए या नाटकांच्या पुरस्कारांत साहाय्यक अभिनेत्री म्हणून तिला नामांकन होतं. पुरस्कार मिळाला तो चेन्नईत जन्मलेल्या अंजना वासनला. जाता जाता आणखी एक धागा: मुंबईत जन्मलेली नीना वाडिया, ईस्टएंडर्समधली झैनाब मसूद, हीसुद्धा २०२१च्या त्याच नाचाच्या कार्यक्रमात होती. ती मात्र सगळ्यांत आधी स्पर्धेबाहेर पडली.

२०२४च्या नववर्ष सन्मानांत रोझला एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. २०२५ तर तिचंच वर्ष म्हणायचं. बीबीसीवर शेफिल्डमध्ये घडणारी 'रियुनियन' आली, जी विल्यम मेगर या बहिऱ्या लेखकाने लिहिलेली आणि बरीचशी खुणांच्या भाषेत आहे. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथांच्या मालिकेतला तिचा एक भाग आला. आणि मे महिन्यात आयटीव्ही वाहिनीवर आली 'कोड ऑफ सायलेन्स'.

या शेवटच्या मालिकेत ती ॲलिसन आहे, कँटरबरीतल्या पोलिसांच्या कँटीनमध्ये काम करणारी. एका टोळीवर पाळत चालू असते, चित्रीकरण आहे पण आवाज नाही, आणि ओठ वाचणारे ठरलेले तज्ज्ञ त्या वेळी उपलब्ध नसतात. मग कँटीनमधल्या मुलीला बोलावतात. मला आवडलं ते हे, की तिचं ओठ वाचणं जादूसारखं दाखवलेलं नाही. पडद्यावर खाली अक्षरं येतात ती तुटकी, उलटसुलट, मधे जागा सुटलेली. मग एखादा शब्द जागेवर बसतो, त्यामुळे शेजारचा सुचतो, आणि हळूहळू वाक्य उभं राहतं. कधी चुकतंही. आरशासमोरचा आपला 'पार-बार-मार'चा खेळ तिथे गुन्ह्याच्या तपासात चालू असतो. या मालिकेच्या कार्यकारी निर्मात्यांमध्येही रोझचं नाव आहे. म्हणजे चौकट कुठे धरायची हे ठरवणाऱ्यांत आता ती बसते.

ती मालिका पाहून झाल्यावर मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईची रोजची मराठी मालिका आवाज बंद करून लावली. दहा मिनिटं टिकले. नायक अर्धा वेळ खिडकीबाहेर बघून बोलतो. दोन बायका एकदम बोलत होत्या, त्यातली एक फ्रिजमध्ये डोकं घालून. सासूबाईंचं तेवढं कळलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा गेला. एक वाक्य मी छातीठोकपणे "माझी बाळी हरवली" असं वाचलं आणि दागिन्याच्या चोरीचा मोठा कट मनात रचला. आईने रिमोट हिसकावून आवाज चालू केला. भाजी करपली होती.